मौनाचे दोन निकाल

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूसारख्या तालुक्याच्या गावी वकिलाच्या कपाटात पुस्तकं फार नसतात. दिवाणीची दोन-चार, साक्षीपुराव्याचं एक, जमीन महसूल कायद्याचं हाताळून हाताळून मऊ झालेलं एक, आणि केळकर. ‘केळकर’ म्हणजे आर. व्ही. केळकर यांचं फौजदारी प्रक्रियेवरचं पुस्तक. अटक कशी करायची, जबाब कुठे घ्यायचा, जामीन केव्हा मागायचा, हे आम्ही बहुतेकांनी केळकरांकडूनच शिकलेलं. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा लेखक शांत, नेमका आणि जरा कोरडाच वाटतो. या शांत माणसाची सही एका संतापलेल्या पत्राखाली आहे, हे मला वकिली सुरू करून बरीच वर्षं झाल्यावर कळलं.

त्या पत्रावर तारीख आहे १६ सप्टेंबर १९७९. ते लिहिलंय भारताच्या सरन्यायाधीशांना, आणि खाली चार सह्या आहेत: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. धागमवार पुण्याच्या, बाकी तिघं दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवणारे. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णु चंद्रचूड, म्हणजे तेही मूळचे पुण्याचेच. ज्या खटल्याबद्दल पत्र होतं तो विदर्भातला. म्हणजे लिहिणाऱ्यांतले दोघं मराठी, ज्यांना लिहिलं ते मराठी, जिच्याबद्दल लिहिलं ती आपल्या वैनगंगेकाठची, आणि पत्र मात्र इंग्रजीत. कायद्याच्या नियतकालिकात छापलेल्या या काही पानांचं रसग्रहण करायचं, तर ही विसंगती पहिल्यांदा नोंदवावी लागते. जिच्यासाठी ते लिहिलं गेलं तिला ते वाचता येण्याजोगं नव्हतं.

पत्राच्या अगोदरची हकिकत थोडक्यात सांगते. २६ मार्च १९७२ ची रात्र. गाव देसाईगंज, ज्याला आपण वडसा म्हणतो. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, १९८२ पासून गडचिरोलीत आहे. सेलूहून नागपूर, उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडली की वडसा येतं. आमची कापसाची काळी जमीन मागे पडते आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. झाडीपट्टीच्या नाटकांमुळे ते गाव आज पुष्कळांना ठाऊक आहे. त्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एक मुलगी आणली गेली. आदिवासी, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी. वय, पुढे डॉक्टरांनी ठरवलं त्याप्रमाणे, चौदा ते सोळाच्या मधलं. तिला फूस लावून नेल्याची तक्रार भावानं दिली होती. म्हणून ती, तिचा भाऊ, ती जिच्याकडे कामाला जायची ती बाई आणि ज्याच्याशी ती लग्न करू पाहत होती तो तरुण, अशा सगळ्यांना ठाण्यावर बोलावलं होतं. जबाब झाले. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. जबाब घेणारा हवालदार निघून गेला. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं गेलं, मुलीला मात्र थांबवून ठेवलं. बाहेरच्यांनी पाहिलं तर दार आतून लावलेलं होतं आणि आत अंधार होता. त्यांनी हाका मारल्या. लोक जमले. काही वेळानं ती बाहेर आली आणि आत काय झालं ते तिनं सांगितलं.

चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ रोजी दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. मुलगी खोटं बोलते, तिला शरीरसंबंधांची सवय आहे, झालं ते तिच्या मर्जीनं झालं, असा त्यांचा कल होता. १२ ऑक्टोबर १९७६ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल उलटवला. शिपायाला बलात्कारासाठी पाच वर्षं सक्तमजुरी झाली आणि दारूच्या नशेत असलेल्या हवालदाराला विनयभंगासाठी एक वर्ष. भीतीनं देह सोडून देणं आणि मनानं होकार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खंडपीठानं स्वच्छ शब्दांत मांडलं. मग प्रकरण दिल्लीला गेलं. न्या. जसवंत सिंग, न्या. कैलासम आणि न्या. कोशल यांच्या पीठानं १५ सप्टेंबर १९७८ ला दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. ओरडल्याचं ती सांगते ते खरं नाही. भीती म्हणायची तर ती मरणाची किंवा इजेची हवी, तशी इथं दिसत नाही. तेव्हा जे झालं ते बिनबोभाट, संमतीनं झालं.

निकाल १५ सप्टेंबर १९७८ चा आणि पत्र १६ सप्टेंबर १९७९ चं. एक वर्ष आणि एक दिवस. या अंतरात त्या निकालाला कायद्याच्या अहवालांत आकडा मिळाला, पानं मिळाली. निकाल असा छापला गेला की तो दाखला होतो, आणि उद्या सेलूच्या किंवा सिरोंच्याच्या कोर्टात कोणीही वकील उभा राहून तो वाचून दाखवू शकतो. हे न कळणारे चौघं नव्हते. त्यामुळे पत्राचा रोख एका खटल्याच्या पराभवावर जेवढा आहे त्याहून अधिक त्याच्या छापील आयुष्यावर आहे.

आता पत्राच्या घडणीकडे येऊ. पहिली गोष्ट लक्षात येते ती त्याच्या सुराची. अशा पत्राला त्या काळी जोखीम होती. न्यायाधीशांच्या वर्गीय कलाबद्दल बोलल्यावरून ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांना अवमानासाठी दोषी ठरवणारा निकाल १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच कायम ठेवला होता, आणि ते तर मुख्यमंत्री असताना बोलले होते. प्राध्यापकांची काय कथा. म्हणून पत्र अदबीनं सुरू होतं. आपण भारताचे नागरिक आणि कायद्याचे शिक्षक म्हणून लिहीत आहोत, अशी ओळख ते करून देतं. संबोधनं रीतसर आहेत, आदराच्या जागा कुठे चुकलेल्या नाहीत. पण ही अदब कोर्टात वकील दाखवतो तसली आहे: मान झुकवलेली आणि नजर मात्र कागदावरून न हललेली. अख्ख्या पत्रात न्यायाधीशांच्या हेतूवर एक अक्षर नाही. जे आहे ते त्यांनी काय वाचलं आणि काय वाचायचं राहून गेलं याबद्दल. त्यामुळेच पत्राचा संताप इतका टोकदार होतो. हेतूवर घसरलेला लेखक वाचकाला बाजू घ्यायला लावतो. इथं वाचकाला निकालपत्र पुन्हा उघडून पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. कायद्याच्या लेखात विधानं असतात, दाखले असतात. इथं युक्तिवादाचा कणा प्रश्नांचा आहे. पोलीस ठाण्यात दोन पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या चौदा-सोळा वर्षांच्या पोरीनं यशस्वीपणे आरडाओरड करावी अशी न्यायालयाची खरंच अपेक्षा आहे का? मजुरी करणाऱ्या मुलीनं धट्ट्याकट्ट्या पोलिसांशी इतकं झुंजावं, की अंगावर पुराव्यापुरत्या जखमा राहाव्यात? आणि मग सगळ्यात झोंबणारा, उपरोधाच्या काठावरचा प्रश्न: बाहेर भाऊ उभा, मालकीण उभी, जिवाभावाचा माणूस उभा, आणि आतली मुलगी दोन परक्या पोलिसांबरोबर मौज करायची संधी साधत होती, असं न्यायालयाला वाटतं का?

हा शेवटचा प्रश्न मी अनेकदा वाचलाय, आणि दर वेळी त्यातलं कसब नव्यानं जाणवतं. निकालपत्राची नजर खोलीच्या आत आहे. मुलीच्या देहावर काय आहे, काय नाही, एवढ्यावर ती खिळलेली. पत्र वाचकाला हाताला धरून खोलीबाहेर आणतं आणि दारापाशी थांबलेल्या तीन माणसांत उभं करतं. तिथून पाहिलं की दार आणि अंधार दिसतो. दार कोणी लावलं? दिवे कोणी मालवले? का मालवले? संमतीचा व्यवहार होता तर अंधाराची गरज कोणाला होती? नवा पुरावा पत्र काहीच आणत नाही. सगळं त्याच कागदांत होतं. पत्र फक्त उभं राहण्याची जागा बदलतं. कथेच्या समीक्षेत आपण निवेदकाच्या दृष्टिकोनाबद्दल बोलतो. एखाद्या निकालाची नैतिक ताकद आणि दुबळेपणाही त्या दृष्टिकोनावर ठरतो, हे मला या पत्रानं शिकवलं.

तिसरी गोष्ट म्हणजे पत्राचा गाभा असलेला भेद: संमती आणि शरण जाणं यांतला. पत्र अगदी साध्या तर्कानं सांगतं की संमतीत शरण जाणं अंतर्भूत असेल, पण शरण गेलेला प्रत्येक जण संमत असतोच असं नाही. सिद्ध झालं ते एवढंच, की मुलगी शरण गेली. तिथून संमतीपर्यंतची उडी न्यायालयानं कशाच्या आधारावर मारली? नागपूर खंडपीठानं हा भेद केला होता, त्याला उत्तर न देताच निकाल पुढे गेला.

मराठीत हा भेद समजायला तर्कशास्त्राची गरज पडू नये. ‘हो म्हणणं’ आणि ‘मुकाट राहणं’ यांतलं अंतर आपल्या बोलण्यात रोज असतं. तरीही मौन म्हणजे संमती ही म्हण आपण फार सहज वापरतो. पोरगी दाखवायच्या कार्यक्रमात खाली मान घालून बसलेल्या मुलीला कोणी विचारत नाही, आणि ती बोलली नाही म्हणजे पसंत आहे असं दोन्हीकडचे धरून चालतात. या सवयीचा दिल्लीतल्या न्यायमूर्तींशी संबंध जोडणं कदाचित अन्यायाचं ठरेल. पण पत्र संमतीच्या ज्या कल्पनांना वसाहतकाळातल्या आणि पुरुषप्रधान म्हणतं, त्यांतली दुसरी आमच्या ओसरीवरही बसलेली असते, एवढं मला कबूल केलं पाहिजे. कायदा इंग्रजांकडून आला. मुक्या माणसाचा होकार गृहीत धरायला मात्र आपल्याला कोणी शिकवलं नव्हतं.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मते पत्रातली सगळ्यात धारदार जागा: दोन नावं. मनेका गांधी आणि नंदिनी सत्पथी. जानेवारी १९७८ मध्ये पासपोर्टच्या खटल्यात मनेका गांधींच्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयानं व्यक्तिस्वातंत्र्याचा अर्थ केवढा तरी रुंद केला. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथींना भ्रष्टाचाराच्या चौकशीत पोलिसांनी ठाण्यावर बोलावून प्रश्न विचारले, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या एप्रिल १९७८ च्या निकालानं त्यांना संरक्षण दिलं. सधन, शहरी स्त्रियांच्या बाबतीत जे न्यायालय एवढी झेप घेतं, ते अशिक्षित, राबणाऱ्या, राजकारणात आवाज नसलेल्या बायांना राज्यघटनेच्या आधीच्या नशिबातच ठेवणार का, असा पत्राचा सवाल आहे.

यातल्या सत्पथी खटल्याचं दुसरं टोक पत्र नेमकं पकडतं. बाईचा जबाब घ्यायचा तर ती राहते तिथे जाऊन घ्यावा, तिला ठाण्यावर यायला लावू नये, असं तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० सांगायचं. सत्पथींना ठाण्यावर बोलावलं म्हणून न्यायालयानं नाराजी नोंदवली होती. पाच महिन्यांनी आलेल्या वडशाच्या निकालात, अल्पवयीन मुलीला रात्री ठाण्यावर बोलावून अडकवून ठेवण्याबद्दल निषेधाचा एक शब्दही नाही, हे पत्र दाखवून देतं. इथं मला केळकर आठवतात. या चौघांतल्या कोणाच्या लेखणीतून हा परिच्छेद उतरला ते शोधायची गरज नाही. पण ज्या माणसाच्या पुस्तकातून आम्ही कलम १६० पाठ केलं, त्याची सही या परिच्छेदाखाली आहे, ही गोष्ट मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बोलकी वाटते. पाठ्यपुस्तकात कलम एका ओळीचं असतं. त्या एका ओळीचं वजन किती, ते पत्रात कळतं.

या दोन खटल्यांना शेजारी ठेवल्यावर मला जे दिसलं ते पत्राच्या तोंडी घालत नाही, माझ्या जबाबदारीवर लिहिते. सत्पथी खटल्याचा मुख्य प्रश्न होता मौनाचा. पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर न देण्याचा अधिकार आरोपीला कितपत आहे, हा. न्यायालयानं उत्तर दिलं की पोलीस चौकशीपासूनच तो अधिकार लागू होतो, आणि ठाण्याच्या वातावरणात दबावाचे किती सूक्ष्म प्रकार असू शकतात याची त्यांनी दखल घेतली. माजी मुख्यमंत्र्यांचं मौन हे दबावातलं मौन असू शकतं, म्हणून ते घटनेनं राखायचं. त्याच वर्षी त्याच न्यायालयात एका मजूर पोरीचं मौन आलं. तेही ठाण्यातलं, तेही रात्रीचं, दार लावलेल्या अंधारातलं. ते मात्र संमती ठरलं. दोन्ही पीठांवर न्या. जसवंत सिंग होते. मी हे दोषारोप म्हणून सांगत नाही. एकाच माणसाला एका दालनात दबाव दिसतो आणि दुसऱ्या दालनात दिसत नाही, तर फरक त्याच्या ज्ञानात नसतो. तो समोर उभ्या असलेल्या बाईकडे पाहण्यात असतो. पत्र हेच वेगळ्या शब्दांत मांडतं: मुलीची गरिबी, तिचं वय, कायद्याचं अज्ञान, वकिलापर्यंत न पोहोचणारा हात, आणि पोलीस ठाण्याच्या उंबऱ्यात गरिबाला घेरणारी भीती, यांतल्या कशाचाही विचार निकालात नाही.

लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांची नावं इथं आठवावीत. सरकार दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या पहिल्या स्त्री, आणि भारतीय स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करून १९७४ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीच्या सदस्य. धागमवारांनी भारतीय दंडसंहितेचा अभ्यास करून ग्रंथ लिहिला होता, धुळ्याच्या आदिवासी भागात काम केलं, आणि पुढे १९८५ मध्ये दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढून सामान्यांसाठी कायदा साध्या भाषेत आणला. म्हणजे पत्राच्या मागे ग्रंथालयाइतकाच पायवाटांचाही अभ्यास होता. पत्राच्या शेवटाकडे जी मागणी येते ती या पायवाटांशिवाय सुचली नसती. ते चौघं सरन्यायाधीशांना सुचवतात की आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी कधीतरी ओळख न देता, न्याय मागायला आलेल्या गरीब माणसाच्या वेषात, देसाईगंजच्या आसपासची ठाणी आणि गावं पाहून यावीत. आपण उद्धट ठरू, हे त्यांना माहीत आहे आणि ते तसं म्हणतातही. त्याबरोबर हा खटला मोठ्या पीठापुढे, गरज पडली तर पूर्ण न्यायालयापुढे, पुन्हा ऐकावा ही रीतसर विनंती आहे.

या दोन मागण्या मला एकमेकींशेजारी फार सुंदर वाटतात. एक नियमातली, दुसरी नियमाबाहेरची. एक न्यायालयाच्या वाड्यातली, दुसरी धुळीतली. वेष पालटून रात्री नगरात फिरणारा राजा आपल्या लोककथांतून घरोघर ओळखीचा आहे. पत्र त्या राजाला विदर्भातल्या ठाण्याच्या बाकड्यावर आणून बसवतं.

दोष नाहीत का? आहेत. सधन शहरी स्त्रिया विरुद्ध गरीब ग्रामीण स्त्रिया ही मांडणी घाईची आहे. मनेका गांधींना आणि सत्पथींना मिळालेला न्याय खोटा नव्हता. तो इतरांपर्यंत पोहोचला नाही ही तक्रार योग्य, पण पत्राच्या भाषेत त्यांचा न्याय थोडा विशेषाधिकारासारखा वाटू लागतो. दुसरा दोष मला अधिक टोचतो. पत्र मुलीचं नाव अनेकवचनात वापरतं. देशातल्या खेड्यापाड्यांत अशा कित्येक आहेत, म्हणून तिचं नाव सामान्यनाम होतं. घोषणेला हे सोयीचं. पण माणूस एकदा प्रतीक झाला की त्याला विचारायचं राहून जातं. तिला स्वतःला काय हवं होतं? पुन्हा खटला? की त्या रात्रीचा विषय कायमचा मिटवणं? पत्र हे विचारत नाही. निकालानं तिला नुसता देह केलं आणि पत्रानं प्रश्न. मधली मुलगी दोन्हीकडून निसटलीच.

तरी पत्रानं जे हलवलं ते मोठं होतं. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला. त्या वर्षीच्या ८ मार्चला देशातल्या अनेक शहरांत बाया रस्त्यावर उतरल्या आणि खटला पुन्हा चालवा अशी मागणी झाली. तो पुन्हा चालला नाही. एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाचा ८४ वा अहवाल आला, आणि १९८३ च्या दुरुस्तीनं पोलिसांच्या ताब्यात होणारा बलात्कार वेगळा, जास्त कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं संमती नव्हती असं धरून चालावं, हे पुराव्याच्या कायद्यात कलम ११४-अ म्हणून घातलं गेलं. सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूद आली. पीडितेच्या चारित्र्याची उलटतपासणीत चिरफाड करायची मुभा देणारं कलम जायला मात्र पुढची वीस वर्षं लागली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं समजू नये, हे वाक्य कायद्यात स्पष्टपणे येण्यासाठी २०१३ उजाडलं, तेही दिल्लीतल्या दुसऱ्या एका मुलीच्या मरणानंतर. मुंबईच्या वकील फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी १९९२ मध्ये ऐंशीच्या दशकातल्या कायद्यांचा हिशोब मांडताना दाखवून दिलं होतं की कायदे वाढले तरी न्यायालयांची नजर त्या प्रमाणात बदलली नाही. ते वाचल्यावर पत्रातली वेषांतराची सूचना मला विनोद वाटेनाशी होते. कलमं संसदेत बदलता येतात. नजर बदलायला देसाईगंजला जावं लागतं.

गेल्या उन्हाळ्यात मी या पत्राचा मराठीत सारांश करून सेलू तालुक्यातल्या एका गावी बचतगटाच्या बायांना वाचून दाखवला. वर्धा गांधींचा जिल्हा म्हणून इथं सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळे आमच्याकडच्या बायांना ठाण्याची पायरी नवी नाही. गावात दारू गाळली जाते, विकली जाते, म्हणून रात्री-अपरात्री दहा-बारा जणी मिळून तक्रार द्यायला जातात. एकटी कोणी जात नाही. हा नियम त्यांनी स्वतःच घातलेला आहे, कलम १६० न वाचता. मी जखमांचा आणि ओरडण्याचा भाग वाचत होते, तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “वरडली नाई म्हन्ते कोर्ट. पन वरडाचं कोनापाशी, मॅडम? वरडलं का पोलीस येते. ते त आतच होते.”

कोणी हसलं नाही. चार प्राध्यापकांनी प्रश्नामागून प्रश्न रचत जे सांगितलं ते या बाईनं चार वाक्यांत मांडलं, आणि ते त्या पत्राच्या शेजारी ठेवायला मला संकोच वाटला नाही. उलट पत्राची प्रत त्यानं ठरते. चांगल्या विद्वत्तेची एक खूण अशी, की ती अनुभवी माणसाला वाचून दाखवली तर त्याला ती ओळखीची वाटते. तो म्हणतो, हे तर मला ठाऊक होतंच. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसाच वाचून दाखवला असता तर तो त्या बाईला ओळखीचा वाटला नसता.

मग दुसरीनं विचारलं, “नाव काय होतं जी त्या पोरीचं?”

मी सांगितलं नाही. त्याचं कारण सांगताना मला पुस्तक काढावं लागलं. अहवालांत तो खटला आरोपीच्या नावानं ओळखला जातो: तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. लोकांनी त्याला मुलीच्या नावानं ओळखायला सुरुवात केली, पत्रातही ते नाव आहे, आणि पुस्तकांतून आजही ते छापलं जातं. पण १९८३ च्या त्याच दुरुस्तीनं दंडसंहितेत कलम २२८-अ आलं, आणि बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ झालंय. म्हणजे हे पत्र आज लिहायला घेतलं, तर त्या चौघांना तिचं नाव गाळावं लागेल. तिचं नाव झाकणाऱ्या कलमाच्या वाटेवर पहिला दगड त्यांच्याच पत्रानं बसवला, ज्यात ते नाव उघडं आहे.

बायांनी हे ऐकून घेतलं. पहिली म्हातारी म्हणाली, “बरं झालं. नाव नोको सांगू. तिले जगाचं असन कुठीतरी.”

पत्रानं जे विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं होतं.